श्वासोच्छ्वास आणि श्वसन : एका पाठाची पूर्वतयारी

ज्वारी पिकविणाऱ्या आपल्या मुलखात धान्य साठविण्यासाठी पेव काढण्याची रीत पूर्वापार चालत आली. कठीण जमिनीत पुरुषभर किंवा त्याहून खोल खड्डा खणावयाचा, आतून कडबा किंवा गवत लावावयाचे, धान्य भरावयाचे आणि तोंडावर दगड ठेवून ते मातीने लिंपून टाकावयाचे. अशा पेवात ज्वारी पुष्कळ काळ टिकत असे. सांगलीजवळचे हरिपूर हे गाव तर हळदीच्या पेवांसाठी प्रसिद्धीस आले. आता कोठारे आणि पत्र्याच्या कोठ्या आल्यामुळे पेवांचा वापर फार कमी झाला आहे. परंतु पेवाविषयीची एक ताकीद जुन्या माणसांच्या तोंडी अजूनही ऐकू येते. पेव उघडल्याबरोबर कोणी आत उतरू नये. आधी कंदील सोडून पाहावा.

या ताकिदीच्या मागे माणसांचे प्राण आहेत. नुकत्याच उघडलेल्या पेवात उतरलेला मनुष्य काही क्षणांत खाली कोसळतो. त्याला वर काढावयास दुसरा उतरतो, तोही त्याच्यावर पडतो. अशा वेळी कोणी म्हणते, आत कोंदट वाफ होती. कोणी म्हणते, बाहेरची बाधा झाली. पण नीट विचार करून पाहिले तर प्रश्न असा उभा राहतो : पेवात चूल नव्हती, धूर नव्हता, गुरेढोरे नव्हती. तेथे केवळ वाळलेली ज्वारी होती. मग आतील हवेतला प्राणवायू कोणी संपविला?

या प्रश्नाचे उत्तर ज्या मुलाला देता येईल त्याला श्वसन हा विषय समजला, असे खुशाल मानावे. ज्याला ते देता येणार नाही, त्याने पाठ्यपुस्तकातील व्याख्या कितीही बिनचूक म्हणून दाखविली तरी तो विषय त्याच्या पदरात पडलेला नाही. आजच्या विवेचनाचा हेतू एवढाच आहे की, हे उत्तर वर्गात कसे उलगडत न्यावे याची शिक्षकाच्या मनाशी तयारी व्हावी.

प्रथम एक नेहमीचा घोटाळा दूर केला पाहिजे. ‘श्वसन म्हणजे काय?’ असे विचारताच वर्गातील मुले छाती फुगवून दाखवितात आणि म्हणतात, ‘श्वास आत घेणे व बाहेर सोडणे.’ हे उत्तर श्वासोच्छ्वासाचे झाले, श्वसनाचे नव्हे. श्वासोच्छ्वास ही हवेची ने-आण आहे. श्वसन ही त्या हवेतील प्राणवायूच्या साहाय्याने अन्नातील ऊर्जा मोकळी करण्याची क्रिया आहे, आणि ती छातीत नव्हे तर शरीराच्या जवळजवळ प्रत्येक जिवंत पेशीत चालते. रानातून सरपण आणून दाराशी टाकणे वेगळे आणि चुलीत ते जाळून भाकरी भाजणे वेगळे. फुप्फुस हे दार आहे. चूल पेशीत आहे. हा भेद मुलाच्या मनावर ठसला नाही, तर फुप्फुस नसलेला ज्वारीचा दाणा श्वसन करतो हे त्याला कधीच पटणार नाही.

मुलांचा हा गैरसमज ओशाळण्याजोगा नाही, कारण थोर शास्त्रज्ञांनाही त्यातून वाट काढावी लागली आहे. फ्रान्समधील लाव्हाझिए आणि लाप्लास या दोघांनी १७८२-८३ च्या हिवाळ्यात एक प्रयोग केला. बर्फाने वेढलेल्या भांड्यात त्यांनी एक गिनीपिग ठेवला. त्याच्या अंगच्या उष्णतेने किती बर्फ वितळतो हे त्यांनी मोजले. तो प्राणी किती कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतो, हेही मोजले. मग तेवढाच कार्बन डायऑक्साइड निर्माण होईल इतका कोळसा जाळून किती बर्फ वितळतो, हे पाहिले. दोन्ही आकडे एकमेकांच्या बरेच जवळ आले. त्यावरून त्यांनी अनुमान काढले की, श्वसन हे एक प्रकारचे मंद ज्वलन आहे. हे अनुमान मोलाचे होते. परंतु हे ज्वलन फुप्फुसांत होते, असे लाव्हाझिएने मानले. त्यावर लाग्रांज या गणितज्ञाने साधी शंका काढली : शरीराची सारी उष्णता जर फुप्फुसांतच उत्पन्न होत असेल, तर फुप्फुसे इतर अवयवांपेक्षा कितीतरी अधिक तापावयास नकोत काय?

ही शंका रास्त होती. इटलीतील स्पालान्झानी या निसर्गशास्त्रज्ञाने शरीरापासून अलग केलेल्या ताज्या ऊतींवर प्रयोग केले. स्नायूचा तुकडा बंद हवेत ठेवला तरी तो प्राणवायू शोषतो आणि कार्बन डायऑक्साइड सोडतो, असे त्याला आढळले. पुढे जर्मनीतील फ्ल्यूगर या शरीरक्रियाशास्त्रज्ञाने १८७० नंतरच्या दशकात हे मत पक्के केले की, प्राणवायूचा खरा उपयोग ऊतींत, म्हणजे पेशींत होतो; रक्त हा केवळ वाहक आहे. एका गणितज्ञाच्या साध्या शंकेने विचाराची दिशा कशी बदलते, हे वर्गात शंका विचारणाऱ्या मुलाला अवश्य सांगावे.

आता ‘मंद ज्वलन’ या शब्दाकडे वळू. एक मूठ साखर विस्तवात टाकली तर ती भडकते, उष्णता व उजेड देते आणि क्षणात संपते. तीच साखर पेटीतील बिजागरीसारख्या नाजूक रचनेच्या पेशीत अशी भडकली, तर पेशी जळून जाईल. म्हणून पेशी तेच काम टप्प्याटप्प्याने करते. उंच कड्यावरून उडी मारणाऱ्याचे हातपाय मोडतात. पायऱ्यांनी उतरणारा त्याच पायथ्याशी सुखरूप पोचतो, आणि वाटेत प्रत्येक पायरीवर थांबून काही कामही करू शकतो. पेशीतील प्रत्येक पायरीवर एक विशिष्ट विकर उभे असते. विकर म्हणजे रासायनिक क्रिया सुकर करणारे प्रथिन. अशी विकरे पेशीच्या बाहेर काढली तरी आपले काम करतात, हे जर्मनीतील बुखनर याने १८९७ मध्ये दाखविले. त्याने यीस्टच्या पेशी चिरडून त्यांचा रस काढला. त्या निर्जीव रसानेही साखर आंबविली. याबद्दल त्याला १९०७ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

जमाखर्चाचे आकडे पाहिले म्हणजे ही क्रिया डोळ्यांपुढे स्पष्ट उभी राहते. १८० ग्रॅम ग्लुकोजचे पूर्ण श्वसन होण्यास १९२ ग्रॅम प्राणवायू लागतो. त्यातून २६४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड आणि १०८ ग्रॅम पाणी तयार होते. दोन्ही बाजूंची बेरीज ३७२ ग्रॅमच भरते. काहीही नाहीसे होत नाही. मोकळी होते ती ग्लुकोजमध्ये साठलेली ऊर्जा. एवढे ग्लुकोज जाळले तर सुमारे ६७० किलोकॅलरी उष्णता मिळते. गणिताच्या तासाला ही बेरीज मुलांकडून करून घ्यावी. विज्ञान आणि गणित यांची गाठ अशी सहज पडते.

या क्रियेचे मुख्य टप्पे तीन आहेत. पहिला टप्पा पेशीद्रवात घडतो. सहा कार्बन अणूंच्या ग्लुकोजचे तीन-तीन कार्बनांचे दोन तुकडे होतात. त्यांना पायरुव्हिक आम्ल म्हणतात. या टप्प्याला प्राणवायू लागत नाही आणि ऊर्जाही थोडीच हाती येते. दुसरा टप्पा तंतुकणिकेत घडतो. तंतुकणिका म्हणजे पेशीतील सूक्ष्म अंगके. पेशीच्या चुली म्हटल्या त्या याच. येथे पायरुव्हिक आम्लाचे विघटन होऊन त्यातील कार्बन हा कार्बन डायऑक्साइडच्या रूपाने बाहेर पडतो. या टप्प्यातील क्रिया चक्राकार आहेत. हान्स क्रेब्ज याने १९३७ मध्ये इंग्लंडमधील शेफील्ड येथे कबुतराच्या छातीच्या स्नायूंवर प्रयोग करून हे चक्र उलगडले. नाझी राजवटीमुळे त्याला १९३३ मध्ये जर्मनी सोडावी लागली होती. १९५३ मध्ये त्याला नोबेल पारितोषिक मिळाले.

तिसरा टप्पा तंतुकणिकेच्या आतील पटलावर चालतो. अन्नातून काढलेल्या हायड्रोजनातील इलेक्ट्रॉन या पटलावरील प्रथिनांच्या साखळीतून एका हातातून दुसऱ्या हातात दिल्यासारखे पुढे जातात आणि साखळीच्या शेवटी प्राणवायू त्यांना स्वीकारून पाणी बनवितो. येथे शिक्षकाने एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. ‘घेतलेल्या प्राणवायूचा कार्बन डायऑक्साइड होतो,’ असे वर्गात सर्रास सांगितले जाते. ते बरोबर नाही. श्वासावाटे घेतलेला प्राणवायू शेवटी पाण्यात जातो. उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइड हा अन्नाच्या विघटनातून आलेला असतो. त्यातील ऑक्सिजनचे अणू अन्नातून व पाण्यातून येतात. प्राणवायू हा साखळीच्या टोकाशी उभा असलेला शेवटचा गडी आहे. तो जागेवर नसला की मागील सारे हात भरलेले राहतात आणि काम खोळंबते. प्राणवायू न मिळाल्यास माणूस काही मिनिटांत का दगावतो, याचे मर्म येथे आहे.

मोकळी झालेली ऊर्जा पेशी कशात साठविते? तिचे चलन म्हणजे एटीपी नावाचा पदार्थ होय. बाजारात पोतेभर ज्वारी देऊन काड्यांची पेटी घेता येत नाही. ज्वारी विकून सुटे पैसे करावे लागतात. तद्वत ग्लुकोजमधील मोठी ऊर्जा एटीपीच्या सुट्या नाण्यांत मोडून घेतली जाते. मग स्नायूचे आकुंचन असो, मज्जातंतूतील संदेश असो किंवा नव्या प्रथिनाची बांधणी असो, सर्व खर्च याच नाण्यांतून होतो. एटीपीच्या शोधात एका भारतीयाचा वाटा आहे, ही गोष्ट मुलांना सांगितलीच पाहिजे. आंध्रातील भीमवरम येथे १८९५ मध्ये जन्मलेले यल्लाप्रगडा सुब्बाराव अमेरिकेत हार्वर्ड येथे फिस्के यांच्यासमवेत संशोधन करीत होते. १९२९ मध्ये त्या दोघांनी स्नायूतील एटीपीचा शोध प्रसिद्ध केला. त्याच वर्षी जर्मनीत लोमान यानेही तो स्वतंत्रपणे लावला होता.

एका ग्लुकोजच्या रेणूपासून एटीपीचे ३६ किंवा ३८ रेणू मिळतात, असे जुन्या पुस्तकांत आढळते. नव्या मोजणीनुसार हा आकडा सुमारे ३० ते ३२ धरला जातो. याचा अर्थ अन्नातील ऊर्जेचा साधारण एक-तृतीयांश किंवा थोडा अधिक भाग उपयोगी चलनात येतो. उरलेली ऊर्जा उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते. ती वाया गेली असे मात्र म्हणता येत नाही. थंडीच्या दिवसांतही माणसाचे शरीर ३७ अंश सेल्सियसच्या आसपास राहते ते याच उष्णतेवर. बहुतांश एटीपी तयार कसे होते, याचा उलगडा इंग्लंडच्या पीटर मिचेल याने १९६१ मध्ये केला. पटलाच्या एका बाजूस हायड्रोजनचे आयन धरणातील पाण्यासारखे साठविले जातात, आणि ते परत येताना जलविद्युत केंद्रातील चक्राप्रमाणे एक विकर फिरवितात. त्या फिरण्यातून एटीपी बनते. ही कल्पना प्रथम अनेकांना पटली नाही. पुढे १९७८ मध्ये मिचेलला नोबेल पारितोषिक मिळाले. प्राथमिक वर्गात हा भाग शिकवावयाचा नाही. परंतु शिक्षकाला तो ठाऊक असावा, कारण ज्याला पुढची वाट माहीत आहे त्यालाच मुलाला योग्य ठिकाणी थांबविता येते.

प्राणवायू नसेल तर काय होते? काही पेशी पहिल्या टप्प्यावरच भागवून नेतात. यीस्ट साखरेचे अल्कोहोल व कार्बन डायऑक्साइड करते. यालाच किण्वन म्हणतात. इडलीच्या पिठात दुसरे सूक्ष्मजीव असेच काम करून वायू निर्माण करतात. त्या वायूने पीठ फुगते. कबड्डीत जोराने चढाई करणाऱ्या मुलाच्या स्नायूंना ऊर्जा इतक्या वेगाने हवी असते की, तेथेही पहिल्या टप्प्यावर मोठा भार पडतो आणि लॅक्टिक आम्ल तयार होते. मात्र दुसऱ्या दिवशी अंग दुखते ते या आम्लामुळे, हा समज आता टाकून द्यावा. ते आम्ल तासाभरातच बहुतांशी निघून जाते. दुसऱ्या दिवशीचे दुखणे सवय नसलेल्या श्रमाने स्नायुतंतूंना झालेल्या सूक्ष्म इजेचे असते. या वाटेने एका ग्लुकोजमागे एटीपीचे दोनच रेणू हाती लागतात. आपल्या तांबड्या रक्तपेशींची तर कायमची हीच स्थिती आहे. त्यांच्यात तंतुकणिकाच नसतात. मनीऑर्डर वाटणारा टपालवाला जसा थैलीतील पैशाला हात लावीत नाही, तशा या पेशी साऱ्या शरीराला प्राणवायू पोचवितात, पण स्वतः त्यातील काहीच वापरीत नाहीत.

वनस्पतींविषयी मुलांचा दुसरा मोठा गैरसमज असतो. ‘झाडे दिवसा कार्बन डायऑक्साइड घेतात आणि रात्री प्राणवायू घेतात,’ असे ते म्हणतात. यावरून झाडाचे श्वसन सूर्यास्तानंतर सुरू होते असे वाटू लागते. वस्तुतः वनस्पतीची प्रत्येक जिवंत पेशी रात्रंदिवस श्वसन करते. दिवसा हिरव्या पानांत प्रकाशसंश्लेषणही चालते आणि ते श्वसनापेक्षा पुष्कळ अधिक असल्यामुळे एकंदरीत प्राणवायू बाहेर पडताना दिसतो, इतकेच. प्राणवायू निर्माण होण्यास प्रकाश लागतो. म्हणून पिंपळ असो वा तुळस, कोणतीही वनस्पती रात्री प्राणवायू निर्माण करीत नाही. तसेच झाडाखाली झोपलेला माणूस रात्री गुदमरेल ही भीतीही व्यर्थ आहे. मोकळ्या हवेत तो वायू पसरून जातो.

झाडाच्या मुळांना तर उजेड कधीच मिळत नाही. त्यांचे सारे काम श्वसनावर चालते आणि त्यासाठी लागणारा प्राणवायू मातीच्या कणांमधील हवेतून येतो. शेतकऱ्याचा ‘वाफसा’ हा शब्द येथे शिक्षकाने उचलावा. वाफसा म्हणजे जमिनीत ओलही आहे आणि हवाही आहे अशी स्थिती. काळ्या जमिनीत पाणी तुंबले की तूर पिवळी पडून माना टाकते. पाण्यात उभी असूनही ती का सुकते, असे मुलांना विचारावे. उत्तर असे की, मातीतील हवेची जागा पाण्याने घेतली, मुळांचे श्वसन थांबले, आणि ऊर्जेवाचून मुळांना आपले काम करता येईना. मग भात चिखलात कसा तगतो? त्याच्या खोडांत व मुळांत हवेच्या पोकळ वाटा असतात. त्यांतून वरची हवा खाली पोचते. ज्या मुलाचा बाप चर काढून शेतातील पाणी बाहेर काढतो, त्या मुलाला या पाठाचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही.

आता पुन्हा ज्वारीच्या दाण्याकडे येऊ. वाळलेला दाणा मेलेला नसतो. मेलेला असता तर पेरल्यावर उगवला नसता. तो अगदी मंदपणे श्वसन करीत असतो. दाण्यात ओल जितकी अधिक, तितके श्वसन अधिक. श्वसनातून उष्णता आणि पाणी बाहेर पडते. त्याने ढीग आणखी ओला व उबदार होतो. मग बुरशी आणि किडे जोर धरतात. त्यांच्या श्वसनाने ढीग आणखी तापतो. ओले धान्य पोत्यात भरले तर आठवड्याभरात हात घालताच ऊब लागते व कुबट वास येतो, त्याचे कारण हे दुष्टचक्र होय. ज्वारी चांगली वाळवून, ओल सुमारे १२ टक्क्यांपर्यंत उतरवून, मगच साठवावी असा सल्ला दिला जातो तो यासाठीच.

पेवाचे रहस्य आता उलगडते. तोंड लिंपून बंद केलेल्या पेवात धान्य, किडे आणि बुरशी ही सर्व मिळून कोंडलेल्या हवेतील प्राणवायू संपवीत जातात आणि कार्बन डायऑक्साइड साठत जातो. प्राणवायू संपत आला की किडे मरतात, बुरशीची वाढ मंदावते आणि धान्य सुरक्षित राहते. ज्या कारणाने धान्य टिकते, त्याच कारणाने आत उतरणारा माणूस मरतो. पूर्वजांनी हा उपाय अनुभवाने शोधला होता आणि त्यातील धोकाही अनुभवानेच ओळखला होता. कार्बन डायऑक्साइड हवेच्या सुमारे दीडपट जड असल्यामुळे तो खड्ड्याच्या तळाशी साचून राहतो. हवेत त्याचे प्रमाण १० टक्क्यांच्या आसपास गेले तरी माणूस काही मिनिटांत बेशुद्ध पडतो. प्राणवायू जवळजवळ संपलेल्या हवेत तर त्याहूनही लवकर.

हे सर्व नुसते सांगून भागणार नाही. मुलांच्या डोळ्यांनी ते पाहिले पाहिजे. त्यासाठी प्रयोगशाळेची वाट पाहण्याचे कारण नाही. पुढील तीन प्रयोग कोणत्याही खेड्यातील शाळेत करता येतात.

पहिला प्रयोग चुन्याच्या निवळीचा. खाण्याचा चमचाभर चुना बाटलीभर पाण्यात ढवळून रात्रभर ठेवावा आणि वरची स्वच्छ निवळी दोन पेल्यांत काढावी. एका पेल्यात कागदी नळीने मुलाने हळूहळू फुंकावे. दुसऱ्यात सायकलच्या पंपाने बाहेरची हवा सोडावी. पहिली निवळी लवकरच दुधाळ होते, दुसरी फारशी बदलत नाही. घेतलेल्या हवेत प्राणवायू सुमारे २१ टक्के असतो, सोडलेल्या हवेत सुमारे १६. कार्बन डायऑक्साइड ०.०४ टक्क्यांवरून सुमारे ४ टक्क्यांवर जातो. निवळी तोंडात ओढली जाऊ नये आणि डोळ्यांत उडू नये, याची दक्षता शिक्षकाने स्वतः घ्यावी.

दुसरा प्रयोग मोड आलेल्या मटकीचा. रुंद तोंडाच्या सारख्या दोन बाटल्या घ्याव्यात. एकीत मोड आलेली मटकी, दुसरीत तेवढीच पण उकडून गार केलेली मटकी घालावी. दोन्हींत निवळीची एकेक लहान वाटी ठेवून झाकणे घट्ट लावावीत. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या बाटलीतील निवळीवर पांढरी साय आलेली दिसेल. मग झाकण किंचित सरकवून जळती काडी आत धरावी. पहिल्या बाटलीत ती विझते, दुसरीत काही वेळ जळत राहते. हीच पेवाची छोटी प्रतिकृती होय. हा प्रयोग एका रात्रीपेक्षा अधिक लांबवू नये, कारण उकडलेली मटकी नासू लागली की तिच्यातील सूक्ष्मजीव श्वसन करू लागतात. चुकून प्रयोग लांबलाच, तर तीही शिकविण्याची संधी मानावी.

तिसरा प्रयोग उष्णतेचा. गावात कोणाकडे दोन थर्मास मिळाले तर एकीत मोडाची मटकी, दुसरीत उकडून पूर्ण गार केलेली मटकी भरावी; तोंडाशी कापसाचा बोळा लावून तापमापक खोचावा आणि दुसऱ्या दिवशी नोंद घ्यावी. तापमापक नसल्यास फडक्यात बांधलेल्या मोडाच्या गाठोड्यात हात घालून पाहिले तरी ऊब कळते. आई रोज मोड काढते. त्या गाठोड्यात लाव्हाझिएचा सिद्धान्त आहे हे मुलाला प्रथमच उमगेल.

पाठाचा शेवट करताना शिक्षकाने पुढील सूचना फळ्यावर लिहून मुलांकडून वहीत उतरवून घ्याव्यात आणि घरी वाचून दाखविण्यास सांगावे. नुकत्याच उघडलेल्या पेवात, धान्याच्या बंद कोठारात, फार दिवस न वापरलेल्या विहिरीत किंवा गोबरगॅसच्या खड्ड्यात कोणी एकट्याने उतरू नये. पेव व विहीर प्रथम उघडी ठेवून आतील हवा खेळती करावी. पेवात कंदील सोडल्यावर तो विझला तर उतरण्याचा विचारच सोडावा; परंतु तो जळत राहिला म्हणजे धोका नाही असे समजू नये, कारण कंदील जळत असतानाही आतील हवा माणसाला घातक असू शकते, आणि काही विषारी वायू कंदिलाला कळतच नाहीत. गोबरगॅसच्या खड्ड्याजवळ तर ज्योत नेऊच नये. तेथील वायू पेट घेतो. आणि सर्वांत महत्त्वाचे : आत कोणी पडलेला दिसला तर त्याच्यामागे उडी घेऊ नये. आरडाओरडा करून माणसे जमवावीत, १०८ किंवा ११२ या क्रमांकावर कळवावे, आणि बाहेरून दोर व हवा यांची सोय करावी. एकाचे प्राण वाचविण्याच्या धडपडीत दोन-तीन प्राण जातात, ते माया कमी पडल्यामुळे नव्हे. ज्ञान कमी पडल्यामुळे.

शिक्षक बंधु-भगिनींनो, श्वसनाचा पाठ वेळापत्रकात एक-दोन तासांचा आहे. परीक्षेत त्यावर एखादा प्रश्न येतो, आणि मुले व्याख्या लिहून गुण मिळवितात. परंतु हा पाठ शिकलेले मूल उद्या शेतकरी होईल, गृहिणी होईल किंवा धान्याच्या कोठारावर काम करील. पाणी तुंबलेल्या तुरीच्या काठाशी, गरम झालेल्या पोत्यापाशी किंवा नुकत्याच उघडलेल्या पेवाच्या तोंडाशी उभे राहिल्यावर त्याला वर्गातील ती दुधाळ निवळी आणि विझलेली काडी आठवली पाहिजे. तेथे त्याचा पाय थांबला, तर शाळेतील तो एक तास सार्थकी लागला.